कारखानीस काकांची मुदत

बर्फ वितळायला लागलं की हे शहर आधी घाण दिसतं, मग सुंदर. मधल्या तीन आठवड्यांचे फोटो कुणी काढत नाही. रस्त्याच्या कडेला काळे पडलेले ढिगारे, त्यातून डोकावणारा एखादा एकटा हातमोजा, कॉफीचे चेपलेले कप, बर्फावर टाकलेल्या मिठाचे बुटांवर पांढरे नकाशे. मला मात्र हेच तीन आठवडे आवडतात, कारण या दिवसांत दारं उघडतात. जानेवारीत कुणाचं दार वाजवलं तर माणूस फटीतून बोलतो; घरातली ऊब बाहेर जाईल म्हणून त्याचा जीव दाराच्या कडीत अडकलेला असतो. मार्चच्या शेवटी तोच माणूस सपाता घालून उंबऱ्यावर येतो आणि चांगला दहा मिनिटं वाद घालतो. ज्याला लोकांशी भांडायचंय त्याच्यासाठी हा खरा हंगाम.

यंदाचं माझं पत्रक बसच्या फेऱ्यांबद्दल आहे. तरी छपराच्या पन्हाळीतून पाणी ठिबकायला लागलं आणि झेरॉक्स मशीनमधून निघालेला पत्रकांचा गरम गठ्ठा काखेत धरून मी रस्त्यावर आले की आठवतो तो पाच-सहा वर्षांपूर्वीचा वसंत. त्या वसंतात मी देशाच्या न्यायाधीशांना खुर्चीवरून हलवायला निघाले होते, आणि हलवलं कुणाला, तर शहराच्याच स्कारबरो भागातल्या एका बेसमेंटमध्ये बसलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या कारखानीस काकांना.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझं म्हणणं एका वाक्यात मावायचं: न्यायाधीशाला मुदत हवी. ओटावातल्या केंद्र सरकारने नेमलेला न्यायाधीश इथे पंच्याहत्तरीपर्यंत बसतो. पूर्वी वरिष्ठ न्यायालयांतले मरेपर्यंत बसत. घटना बदलून पंच्याहत्तरची रेघ ओढली. ठीक. पण पंचेचाळिसाव्या वर्षी बसलेला माणूस तीस वर्षं बसतो. तेवढ्यात मूल जन्मतं, शिकतं, नोकरीला लागतं, त्याचं लग्न होऊन मोडतंसुद्धा, आणि त्याचा निवाडा करायला तोच माणूस. त्याला विचारायचं कुणी? आमची मागणी साधी होती. एकदाच नेमणूक, बारा वर्षं, पुन्हा नाही. त्यासाठी घटना बदलावी लागते, आणि ती बदलायची तर प्रांतांचीही मान्यता लागते, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही सात जण होतो. लायब्ररीतली एक खोली आणि पिवळ्या कागदाचं तीन घड्यांचं पत्रक एवढ्यावर आम्ही देश हलवणार होतो. हसू नका. मी अजूनही तेच म्हणते.

दारांवरची माणसं! शेजारच्या ब्रॅम्पटनला एका ट्रकवाल्या पंजाबी पाजींनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, जज को छोड़, पहले हमारे एक्झिट का सिग्नल ठीक करवा." मिल्टनच्या नव्या कोऱ्या वसाहतीत, जिथे झाडांपेक्षा गॅरेजं जास्त, एका मराठी काकूंनी मला आत बसवून चहा दिला, सही दिली आणि पुण्याच्या आपल्या भाच्याची कुंडलीही द्यायला निघाल्या. एका घरी आठ वर्षांच्या मुलाने दार उघडलं. मी मराठीत विचारलं, आई-बाबा आहेत का? तो म्हणाला, "दे आर हाइडिंग." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझे मोजे ओले होते, आणि मी बसमध्ये एकटीच हसत होते.

या सगळ्या धावपळीत आठवड्यातून एकदा मी कारखानीस काकांकडे जायचे, पत्रक तपासून घ्यायला. काका सत्तरच्या दशकाआधीच इथे आले होते, शहराच्या पाणीखात्यात इंजिनियर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा दूर पश्चिमेला. लाल पेनाने ते माझी विशेषणं खोडायचे. "'निर्लज्ज' काढ. 'मुजोर' काढ. राग वाचणाऱ्याला येऊ दे. सगळा तूच संपवलास तर त्याला काय उरलं?"

पण काका आम्हा सगळ्यांना ठाऊक होते ते पत्रकांसाठी नव्हे. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या घटनेत एक लवाद आहे. सभासदांत तंटा झाला, किंवा घटनेतल्याच एखाद्या कलमाचा अर्थ लावायचा असला, तर तो तीन जणांच्या लवादापुढे जातो. सदस्य आजीव. ही घटना काकांनीच टाइप केलेली, मंडळात वीस-बावीस बिऱ्हाडं होती तेव्हा. तिघांपैकी एक मुलीकडे व्हँकुव्हरला गेले, एक अंथरुणाला खिळले, म्हणजे लवाद म्हणजे काकाच. दर रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलाची जाळी काढली की झालं न्यायालय. खाली उतरतानाच कॉफीचा, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या धुळीचा आणि ओल्या कोटांचा एकत्र वास यायचा. आजही कुठल्या बेसमेंटमध्ये तो वास आला की मी पाठ ताठ करून बसते.

काकांच्या न्यायालयाची एक रीत होती, जगात दुसरीकडे मी पाहिलेली नाही. आपली बाजू कुणी मांडायचीच नाही. आधी समोरच्याची मांडायची. आणि समोरचा जोवर "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणत नाही, तोवर पुन्हा मांडायची. अर्धे तंटे तिथेच विरघळायचे. उरलेल्यांचा निकाल काका द्यायचे, लाल पेनाने, एका पानावर.

माझी पहिली केस सोळाव्या वर्षी झाली. नागपूरहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेत माझ्या इंग्रजीवर पोरं हसायची, आणि इथे मंडळाच्या दिवाळी अंकात संपादकांनी माझा लेख अर्धा कापला. मी तक्रार केली. काकांनी दोन तास ऐकून घेतलं आणि मला हरवलं. लेख खरंच लांबला होता. पण निकालाच्या शेवटी लिहिलं, "तक्रारदाराचे तक्रारपत्र मात्र लेखापेक्षा चांगले आहे. ते पुढच्या अंकात पूर्ण छापावे." माझी छापून आलेली पहिली अख्खी ओळ ती. पत्रकं लिहायला मी तिथून लागले.

तर त्या वसंतात, पाडव्याच्या कार्यक्रमात, श्रीखंडाच्या रांगेत देवस्थळींनी मला टोमणा मारला. देवस्थळी मंडळाचे सेक्रेटरी, मिल्टनहून रोज ट्रेनने डाउनटाउनला जाणारे सॉफ्टवेअरवाले, मनाचे सज्जन, जिभेचे तिखट. माझ्या पिशवीतला पिवळा गठ्ठा पाहून म्हणाले, "काय शलाकाबाई, ओटावातले म्हातारे काढायला निघालात? आपल्या घरचे आजीव आहेत, ते चालतात वाटतं?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसले. पण मुद्दा बरोबर होता. माझ्या पत्रकातला प्रत्येक शब्द काकांना लागू होता आणि मी तो कधी लावला नव्हता.

आठवड्याभरात मी घटनादुरुस्ती लिहिली. लवादाचे सदस्य एकदाच, दहा वर्षांसाठी; पुन्हा निवड नाही. एप्रिलच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला हव्या तेवढ्या सह्या जमल्या. घरी आईने ऐकलं आणि लाटणं हातातच राहिलं. "तू त्या माणसाला घरी बसवून राहिली का? अगं, तो घरीच बसलेला आहे. रविवारी चार माणसं येतात तेवढंच!"

मी म्हटलं, मी त्यांना हात लावत नाहीये. आणि खरंच लावला नव्हता. शेवटी एक ओळ टाकली होती: "सध्याच्या सदस्यांस हे कलम लागू नाही." पत्रकात मी अशा ओळींची सालं काढली होती. नवा नियम करायचा आणि आपल्या माणसाला त्यातून वगळायचं, याला मी जाहीरपणे ढोंग म्हटलं होतं. स्वतः लिहिताना मात्र माझा हात जराही थांबला नाही.

गंमत अशी की ज्यांनी टोमणा मारला त्या देवस्थळींनीच हरकत घेतली. ते मस्करी करत होते. मी खरंच केलं, हे त्यांना सहन होईना. त्यांचं म्हणणं, मूळ घटनेत "आजीव" लिहिलंय, तो पायाच आहे, त्याला दुरुस्तीने हात लावता येत नाही; आज काकांना वगळलं तरी उद्या ती ओळही काढता येईल. आता घटनेच्या अर्थाचा वाद म्हटला की तो कुठे जाणार? लवादापुढे. म्हणजे काकांना हटवता येतं की नाही, हे ठरवणार काका!

मी फोनवर ओरडलेच. "काका, स्वतःच्या केसमध्ये न्यायाधीश कसे होणार तुम्ही?"

"होऊ नये," काका म्हणाले. "पण दुसरा कोण आहे, सांग. नाही ना? मग रविवारी दोनला या. आणि येताना दूध आण, संपलंय."

तो रविवार मला रंगासकट आठवतो. बाहेर ऊन, आत ट्यूबलाइट. बेसमेंटच्या छोट्या खिडकीतून जमिनीलगत दिसणारा शेवटचा करडा बर्फ, त्यातून ओघळणारं पाणी. पंधरा-वीस माणसं घडीच्या खुर्च्यांवर. टेबलापलीकडे काका, इस्त्रीचा शर्ट, त्यावर काकूंनी विणलेला राखाडी स्वेटर.

"शलाका. देवस्थळींची बाजू."

मी उभी राहिले आणि पत्रकासारखं बोलायला लागले. "विरोधकांचं म्हणणं असं, की परंपरा ही..."

"नाही हो," देवस्थळी म्हणाले. "मी परंपरा वगैरे म्हणत नाहीये."

"पुन्हा," काका म्हणाले.

मी पुन्हा सुरू केलं. सांगितलं की मंडळ लहान होतं तेव्हा प्रत्येक निवडणुकीत घरंच्या घरं एकमेकांशी बोलायची थांबायची. म्हणून लवाद आजीव केला. ज्याला कुणाकडे मत मागायला जायचं नाही, तोच तोंडावर कडू बोलू शकतो. मला हे बोलताना घाम आला, कारण हा मुद्दा चांगला होता आणि माझ्या एकाही पत्रकात तो नव्हता.

"हे बरोबर आहे," देवस्थळी म्हणाले, "पण हे नाही फक्त."

"पुन्हा."

मग मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "त्यांना काढू नये, कारण मी सोळा वर्षांची होते, मला भाषा येत नव्हती, सगळे माझ्याशी हळू हळू बोलायचे, लहान मुलाशी बोलावं तसं. इथे मला कुणीतरी दोन तास ऐकलं आणि धडधडीत हरवलं. मोठ्या माणसाला हरवतात तसं. हे दहा वर्षांनी बदलणाऱ्या माणसाला जमेल का, माहीत नाही. आणि त्यांच्या घरी रविवारी माणसं येतात ती आपल्या भांडणांमुळे. भांडणं दुसरीकडे गेली तर..." मी खाली बसले.

देवस्थळींनी चष्मा काढला होता. "हो," ते म्हणाले. "मला हेच म्हणायचंय."

काकांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर काही नाही. "देवस्थळी. आता शलाकाची बाजू."

देवस्थळी उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. "काका, नाही जमणार मला."

"का?"

"आता हे तुमच्या तोंडावर कसं बोलायचं?"

"मांडलीस की," काका म्हणाले. "हीच तिची बाजू."

देवस्थळी खाली बसले.

मग काका बोलले, सावकाश, पाणीखात्याचा अहवाल वाचावा तसे. "चार वर्षांत या टेबलावर एक खरं भांडण आलेलं नाही. पुरणपोळी घरची की दुकानातली, बॅडमिंटनच्या कोर्टावर पाळी कुणाची. लाडकी भांडणं. मला बरं वाटावं म्हणून आणलेली. ब्रॅम्पटनचा नाटकाचा ग्रुप मंडळ सोडून गेला, ते मला ग्रोसरीच्या दुकानात कळलं. का आला नाहीत माझ्याकडे, विचारलं, तर म्हणाले, काका, तुम्हाला त्रास नको. न्यायाधीशाला त्रास नको!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "या देशाने आपल्या न्यायाधीशांना पंच्याहत्तरची रेघ तरी ओढली. मी एक्याऐंशीचा आहे आणि मला कुणी नाही म्हणत नाही."

निकाल एका पानाचा होता. मंडळाची घटना सभासदांची आहे, लिहिणाऱ्याची नाही. दुरुस्ती सभेपुढे मांडता येईल. मग त्यांनी माझा मसुदा समोर धरला. "ही शेवटची ओळ कुणाची?"

"माझी."

"पत्रकात लिहिशील अशी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"हा निकाल नाही. लवादाला ओळ खोडायचा अधिकार नाही. तुझी आहे, तूच ठरव." आणि ते लाल पेन टेबलावरून माझ्याकडे घरंगळत आलं.

मी खोडली. लाल रंगात एक आडवी रेघ. इतकी पत्रकं लिहिली, इतक्या सह्या गोळा केल्या, पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक राजकीय कृत्य ते, आणि ते करताना मी नाक ओढत होते.

सभा शाळेच्या जिममध्ये झाली. हात वर करताना लोक जमिनीकडे बघत होते, बास्केटबॉलच्या आखलेल्या रेघांकडे. ठराव मंजूर झाला. देवस्थळींनी विरोधात मत दिलं आणि मग सगळ्यांना चहा आणून दिला. काकांनी मत दिलं नाही. ज्याच्यावर निकाल आहे तो मत देत नाही, म्हणाले. बाहेर पार्किंगमध्ये घोटाभर चिखल. मी त्यांचा हात धरून चालत होते. गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली शोधता शोधता विचारलं, अगदी सहज, "आता रविवारी काय करू गं मी?"

मी त्यांच्या खिशातून किल्ली काढून दिली.

तो मे महिना मला अजून टोचतो. झाडांना पालवी फुटली, ट्यूलिप आले, लोक बार्बेक्यू पुसायला लागले. मी रविवारी दोनला जायचे. काका कोट-टोपी घालून तयार असायचे आणि कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. एकदा आम्ही दोघं नुसतेच तलावाकाठी जाऊन बसलो. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मी उघडलेले व्हॉल्व्ह आहेत यात कुठेतरी." मला वाटलं, मी जिंकले आणि एका माणसाचं सगळं घेतलं. आमची देशाची मोहीम तेव्हाच संपली होती. सह्या पाठवल्या, आभाराचं एक छापील पत्र आलं. रेघ अजून पंच्याहत्तरवरच आहे.

जूनमध्ये नव्या लवादापुढे पहिली केस आली. ब्रॅम्पटनचा नाटकाचा ग्रुप! परत आला, आणि काय भांडला! लायब्ररीच्या खोलीत तीन तास. स्टेजचे तास कुणी खाल्ले, कुणाचं नाव जाहिरातीतून गाळलं, चार वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. नव्या तिघांच्या मुख्य मंजिरीताई, हॉस्पिटलातून शिफ्ट संपवून तशाच आलेल्या नर्स. काका मागच्या रांगेत, माझ्या शेजारी. तीन तास त्यांनी पाठ टेकली नाही. डोळे असे चमकत होते की मी भांडणाकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते.

निकाल लागला आणि काका ताडकन उठले. "चूक! साफ चूक! कलम नऊ वाचलंच नाही यांनी!"

"काका," मंजिरीताई शांतपणे म्हणाल्या, "निकाल झालाय. खाली बसा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बसले. मला वाटलं दुखावले. आम्ही बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. बाकावर बसल्यावर म्हणाले, "बसा म्हणाली मला."

"हो."

"घटनेत अपिलाची सोय आहे का?"

"नाही, काका. तुम्हीच लिहिलीय घटना."

"मग चूक माझी. चल, दुरुस्ती लिहू. आणि हे बघ, विशेषण एकही नको."

तो उन्हाळाभर कारखानीस काका सह्या गोळा करत फिरले. ब्रॅम्पटन, मिल्टन, स्कारबरो. डोक्यावर टोपी, हातात क्लिपबोर्ड, बरोबर कधी मी, कधी कुणीच नाही. संध्याकाळी फोन यायचा. मी विचारायचे, किती झाल्या आज? सह्यांचा आकडा त्यांच्या लक्षातच नसायचा.

"अगं, ऐक तर," ते म्हणायचे, आवाजात लहान मुलासारखा आनंद. "देवस्थळी आज नाही म्हणाला मला. दारात उभा राहून. चांगला अर्धा तास!"